डिस्पोजलचा ट्रक घ्या, पण आधी चाकांचे पैसे बाजूला काढा

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका ग्रामसभेची चार पोरं मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आली. लष्कराने लिलावात काढलेला एक शक्तिमान ट्रक नागपूरकडच्या एका व्यापाऱ्याकडे उभा होता, तो घ्यायचं त्यांच्या मनात होतं. इंजिन एका मिस्त्रीने ऐकलं होतं, चेसिस बघितली होती, मागच्या हौद्यात बांबूचे किती बंडल बसतील याचा हिशोबही झाला होता. टायरबद्दल विचारलं तर त्यातला एक म्हणाला, "काका, टायर तं नवेच दिसते जी. नक्षी पूर्ण हाये." मी त्यांच्यासोबत ट्रक बघायला गेलो. तिथे जे दिसलं त्यावरून हे लिहितो आहे, कारण असा विचार करणारी ही एकच ग्रामसभा नाही.

आधी माझं मत सांगून टाकतो. जंगलातला माल जंगलातून बाहेर काढायला लष्करी ट्रक चांगला आहे, ग्रामसभांनी तो जरूर घ्यावा. पण ट्रकच्या किमतीइतकाच विचार चार चाकांचा आणि एका स्टेपनीचा झाला पाहिजे, आणि तो बोली लावण्याच्या आधी. इंजिन बिघडलं तर ट्रक उभा राहतो. चाक बिघडलं तर माणूस जातो.

माझं आयुष्य टायरमध्ये गेलं. वडिलांचं बल्लारपूरला रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरला नवी नक्षी चढवण्याचं, दुकान होतं. सागवान डेपोकडे जाणारे ट्रक आमच्या दारावरून जायचे. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा भागातला सागवान बल्लारपूरच्या डेपोत यायचा आणि तिथून रेल्वेने देशभर जायचा. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये इथूनच सागवान रवाना झाला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. आम्हाला मात्र त्या लाकडामागचं चाक आधी आठवतं. वडिलांच्या तरुणपणी दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या होत्या. डॉज, जीएमसी, शेव्हरोले. त्यांचे टायर काय असायचे ते वडील तोंडपाठ सांगायचे: विलीज जीपला ६.००-१६, डॉजच्या वेपन कॅरियरला ९.००-१६, जीएमसीच्या सहाही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रकला ७.५०-२०. पुढे ही मापं बाजारात मिळेनाशी झाली की मालक बैलबंडीच्या लोहारापासून मुंबईच्या भंगार बाजारापर्यंत सगळीकडे फिरायचे. चांगल्या इंजिनाच्या गाड्या केवळ टायर नाहीत म्हणून गवतात उभ्या राहिल्या. हे त्या पिढीने पाहिलं आहे, म्हणून आजच्या पोरांना सांगावंसं वाटतं.

शक्तिमानची गोष्ट त्याहून बरी आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरला बनू लागला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना हा करार झाला, १९५९ पासून ट्रक बाहेर पडू लागले, आणि नव्वदच्या दशकात त्याची जागा टाटा आणि अशोक लेलँडच्या नव्या गाड्यांनी घेईपर्यंत जवळजवळ चार दशकं हाच सैन्याचा घोडा होता. त्याचे सुटे भाग आजही मिळतात. आपल्या भागात भद्रावतीची आयुध निर्माणी आणि शेजारी वर्धा जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो असल्याने लष्करी ट्रक इथल्या लोकांना परका नाही. तो चालवलेले, दुरुस्त केलेले निवृत्त जवान गावोगाव सापडतात. ग्रामसभेने त्यांनाच आधी गाठावं.

आता ग्रामसभेला ट्रक कशाला, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांत ते गाव होतं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो गावांना हक्क मिळाले. परवाना गावाचा, बांबू गावाचा, तोडणारे हात गावाचे, पण तो कूपातून, म्हणजे तोडणीच्या जागेतून, डांबरी रस्त्यापर्यंत आणणारा ट्रक मात्र ठेकेदाराचा. व्यापारी भाव ठरवतो तेव्हा त्यात वाहतूक धरूनच बोलतो आणि कूप जितका आत तितका भाव खाली पाडतो. गावाकडे स्वतःची गाडी असली की ही एक दोरी व्यापाऱ्याच्या हातातून सुटते. म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो.

त्या व्यापाऱ्याच्या आवारातल्या ट्रककडे येतो. टायरची नक्षी खरोखरच पूर्ण होती. पण साईडवॉलवर, जिथे टायर रिमला भेटतो त्याच्या वर, केसासारख्या बारीक चिरा गोल फिरलेल्या दिसत होत्या. नख लावलं तर रबर दबत नव्हतं. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले तर टायर पंधरा वर्षांहून जुने निघाले. सैन्यात गाडी कमी किलोमीटर चालते, वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असते, आणि निर्लेखित झाल्यावर उघड्या आवारात उन्हात उभी राहते. त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं, असं डिस्पोजलच्या गाडीत नेहमी होतं. गोटा झालेला टायर निदान दिसतो तरी, त्याला कोणी नवा म्हणत नाही. मोटार वाहन नियमांत ट्रकच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असं आहे आणि हे टायर त्या परीक्षेत सहज पास झाले असते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात, भरलेल्या ट्रकखाली ते किती टिकले असते हे मला विचारायची गरज वाटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: डिस्पोजलच्या ट्रकसोबत आलेले टायर शून्य किमतीचे धरा. लिलावात बोली लावताना पाच नव्या टायरचे, ट्यूबचे आणि फ्लॅपचे पैसे बाजूला काढूनच उरलेल्या रकमेवर बोली लावा.

मग कोणते टायर? इथे पोरांशी माझा पहिला वाद झाला. त्यांनी मोबाईलवर चिखलात उड्या मारणाऱ्या गाड्या बघितल्या होत्या. खोल, तिरप्या, जाड नक्षीचे रुंद टायर त्यांना हवे होते. मी विचारलं, तुमचा बांबू कधी निघतो? पावसाळा संपल्यावर तोडणी सुरू होते आणि मे-जूनपर्यंत वाहतूक चालते. तेंदूपत्ता तर मे महिन्याचा धंदा. पावसाळ्यात कूपाचे कच्चे रस्ते बंदच असतात. म्हणजे ज्या महिन्यांत चिखल आहे त्या महिन्यांत ट्रक गावात उभा, आणि ज्या महिन्यांत ट्रक जंगलात त्या महिन्यांत जमीन दगडासारखी. चिखलाचे टायर कोरड्या मुरमावर आणि डांबरावर लवकर झिजतात, तापतात, आवाज करतात आणि डिझेल खातात. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, लागतो तो नाल्याच्या उभ्या काठावर, नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत, आणि तेंदूच्या शेवटच्या दिवसांत अचानक वळवाचा पाऊस पडून लाल माती साबणासारखी झाली तर. एवढ्यासाठी आपल्या ट्रकवाल्यांच्या ओळखीचा साधा लग टायर पुरतो. पुढे-मागे चारही चाकांना तोच.

सैन्याचे म्हणून आडव्या पट्ट्यांच्या नक्षीचे जे टायर मिळतात, त्यांची पकड पुढे-मागे सारखी असते. वाळूत आणि मातीत ते छान चालतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की ट्रक घसरत जातो. आलापल्लीकडून चंद्रपूरकडे येणाऱ्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेने धावत असतात, तिथे ओल्या डांबरावर घसरणारी गाडी कोणाला नको आहे. बाहेरदेशी टायर मागवायचा विचारही सोडून द्या. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे, आणि एका ट्रकसाठी तो खटाटोप परवडणारा नाही.

दुसरा वाद नायलॉन की रेडियल यावर. हमरस्त्यावर रेडियल चांगला, यात शंका नाही. तो कमी तापतो, जास्त चालतो. पण ज्यांनी बांबूचा कूप पाहिला आहे त्यांना माहीत आहे की तोडणीनंतर बेटात वीतभर खुंट उरतात आणि कोयत्याने तिरपा कापलेला वाळका खुंट भाल्याच्या टोकासारखा असतो. गाडी बेटाच्या कडेने वळताना तो खुंट नक्षीत घुसत नाही, साईडवॉलला चिरतो. रेडियलची साईडवॉल पातळ असते. तिच्यातली तार किंवा धागा कापला गेला की टायर भंगारात. नायलॉनच्या टायरची साईडवॉल जाड, थरांवर थर असलेली असते. मर्यादित चीर पडली तर आतून पॅच देऊन, गरम करून तो टायर मागच्या चाकाला पुन्हा चालवता येतो आणि हे काम करणारा माणूस कुरखेड्यात, एटापल्लीत, अहेरीत मिळतो. ट्यूबवाला टायर असेल तर जंगलातच टॉमी लावून पंक्चर काढता येतं. रिमोल्डही नायलॉनचा व्यवस्थित होतो, पण रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला लावू देऊ नका. हे माझं मत माझ्या वडिलांच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण वडीलही तेच सांगायचे.

मापाचा प्रश्न जरा बारकाईने समजून घ्यावा लागतो आणि ग्रामसभेत तो फळ्यावर मांडला पाहिजे. त्या ट्रकच्या टायरवर ११.००-२० असं वाचता येत होतं. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. आपल्याकडे रोजच्या ट्रकांना सर्रास दिसतात ती मापं ९.००-२० आणि १०.००-२०. ही गडचिरोलीत कुठल्याही दुकानात मिळतात. ११.०० शोधावं लागतं. मग १०.०० घालावे का?

घालता येतील, पण दोन गोष्टी बघून. पहिली रिमची रुंदी. १०.००-२० चा टायर साडेसात इंची रिमचा, ११.००-२० चा आठ इंची रिमचा. आपली रिम किती इंची आहे ते तिच्यावर कोरलेलं असतं, गंज खरवडून वाचा आणि त्या रिमवर तो टायर चालेल का हे कंपनीच्या तक्त्यात बघा, दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. दुसरी गोष्ट वजनाची. १६ प्लायच्या १०.००-२० टायरवर बहुधा १४६/१४३ असे आकडे असतात. पहिला आकडा चाक एकटं असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. या लष्करी ट्रकला मागेही एकेकच चाक असतं, म्हणजे मागच्या एक्सलवर दोन टायर मिळून ६००० किलो. ११.००-२० चा टायर १५० आकड्याचा असेल तर तेच ६७०० होतात. माप एका पायरीने खाली आणलं तर ७०० किलो हातचे गेले.

गावाला यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण बांबू हलका आणि फुगीर माल आहे. हौदा वजनाच्या आधी जागेने भरतो. तेंदूच्या बोऱ्यांचंही तसंच. सागवानाचे लठ्ठे मात्र लादले तर हिशोब लगेच बिघडतो. लष्कर या ट्रकला थ्री टन म्हणतं ते रस्ता नसलेल्या जमिनीवरच्या वजनाला. लोक समजतात की तीन टनांचा ट्रक म्हणजे कमजोर गाडी, आणि दिसायला एवढा दांडगा आहे तर नऊ टनही ओढेल. ओढेलही. पण इंजिन ओढतं म्हणून टायर पेलतोच असं नाही. पहिल्यांदा भरलात की वजनकाट्यावर आधी फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. ते ६००० च्या खाली असेल तर १०.००-२० बिनधास्त वापरा. काट्याची ती एक पावती ग्रामसभेच्या दप्तरात लावून ठेवा.

चारही चाकं एका मापाची असली पाहिजेत, हे सांगूनही लोक ऐकत नाहीत. साध्या ट्रकला पुढे नवे आणि मागे अर्धे झिजलेले टायर चालतात. फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल ट्रान्सफर गिअरबॉक्समधून एकमेकांना बांधले जातात आणि दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. नव्या १०.००-२० चा व्यास साधारण १०५० मिलिमीटर. बारा मिलिमीटर नक्षी झिजली की व्यास २४ ने कमी होतो. एका फेऱ्याला चार बोटं फरक, एका किलोमीटरला सुमारे २३ मीटर. मातीत चाक जरा घसरून तो फरक काढून टाकतं. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग तो ताण शाफ्टच्या क्रॉसवर, गिअरच्या दातांवर आणि एक्सलवर बसतो. गाडी ब्रेक लावल्यासारखी जड वाटते, वळणावर स्टेअरिंग ओढते, आणि एक दिवस क्रॉस तुटतो. लष्करी ट्रकचा ट्रान्सफर गिअरबॉक्स गेला की दुरुस्तीचा खर्च पाच टायरच्या वर जातो.

तपासायची पद्धत सोपी आहे. सपाट जमिनीवर चाकाला खडूने खूण करा, ट्रक एक फेरा पुढे ढकला, जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. पुढचं आणि मागचं असं दोन्ही. बोटभर फरक चालेल. त्यापुढे नको. आणि डांबर लागलं की फोर बाय फोर सोडायचा, हे चालकाला लेखी सांगा. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, त्याच कंपनीची आणि फेरपालट करून वापरलेली असावी. नाहीतर पंक्चर झाल्यावर लावलेली नवी कोरी स्टेपनीच गिअरबॉक्स खाते.

मागे एकेरी चाक बघून पुष्कळ जण म्हणतात, टाटाचा मागचा एक्सल घालून जोडचाक करून घेऊ, जास्त माल बसेल. असं करू नका. एकेरी चाकाचा ट्रक पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतूनच मागचं चाक नेतो. मागे जोडचाक असलं की बाहेरच्या चाकाला वाळूत आणि चिकणमातीत स्वतःची नवी वाट दाबावी लागते. शिवाय दोन टायरच्या मधे दगड आणि बांबूचे तुकडे अडकतात आणि भरधाव गाडीत दोन्ही साईडवॉल आतून कापल्या जातात. कूपातून निघालेल्या प्रत्येक जोडचाकी ट्रकचा चालक डांबरावर चढण्याआधी पहार घेऊन त्या फटी का साफ करतो ते यामुळे. आपल्या भागातली बंडी पाहा. उंच, अरुंद, लोखंडी धाव चढवलेलं चाक काळ्या मातीतूनही जातं ते उंचीच्या जोरावर. जंगलाच्या ट्रकलाही उंच आणि अरुंद चाकच हवं.

रुंद, बाहेर आलेल्या रिम घालायचा शौक शहरात वाढला आहे. चाक जितकं बाहेर येतं तितका हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर तिढा वाढतो. कायद्यानेही त्याला जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. ग्रामसभेच्या ट्रकला अपघात झाला आणि विमा कंपनीने चाकांकडे बोट दाखवलं, तर भरपाई गावाच्या निधीतून जाईल. त्या निधीत बांबू तोडणाऱ्या बायांची मजुरी आहे.

आता रिमबद्दल, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

ट्यूबच्या ट्रक टायरची रिम एका तुकड्याची नसते. एका बाजूला काठ घट्ट असतो, दुसऱ्या बाजूला वेगळी रिंग बसते आणि तिला लॉक रिंग धरून ठेवते. टायरमधली हवाच ही सगळी जोडणी जागेवर दाबून ठेवते. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पाउंडांच्या आसपास हवा असते. रिंग गंजलेली असेल, वाकलेली असेल, दुसऱ्याच कंपनीच्या रिमची असेल, किंवा खाचेत पूर्ण बसलेली नसेल, तर हवा भरताना ती सुटते. सुटलेली रिंग तोफेच्या गोळ्यासारखी येते. बल्लारपूरला माझ्या तरुणपणी एका दुकानात असा अपघात झाला. हवा मारायला बसलेला मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. तो वाचला नाही. त्याच्या घरी पैसे पोचवायला वडिलांसोबत मी गेलो होतो. त्या दिवसानंतर वडिलांनी दुकानात जाड सळयांचा पिंजरा करून घेतला आणि पिंजऱ्याबाहेर एकही ट्रकचं चाक भरू दिलं नाही. अमेरिकेत असा पिंजरा वापरणं १९८० पासून नियमानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे रस्त्याकडेचे पंक्चरवाले रिंगमधून पहार आरपार घालतात किंवा रिंग जमिनीकडे करून चाक पालथं टाकतात. काहीच न करण्यापेक्षा ते बरं, पण ते पुरेसं नाही.

डिस्पोजलच्या गाडीत हा धोका दुप्पट असतो, कारण तिच्या रिम अनेक हातांतून गेलेल्या असतात आणि रिंगांची अदलाबदल झालेली असते. जुन्या जीप आणि डॉजसारख्या गाड्यांच्या काही रिम तर दोन अर्ध्या वाट्या बोल्टने जोडून केलेल्या असतात. चाक काढायचे नट वेगळे आणि वाट्या जोडणारे नट वेगळे. हवा असताना चुकून दुसरे नट सोडले तर रिम फुटून अंगावर येते. त्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटेही असतात. हे माहीत नसलेला तरुण पाना लावून जोर करतो, स्टड तोडतो, मग घण आणतो.

म्हणून माझं सांगणं असं. ट्रक घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पाचही चाकं उतरवा. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच रिंगला टॉमी लावा. रिम आणि रिंग तारेच्या ब्रशने उघड्या करा. खड्डे पडलेला गंज, तडा, वेल्डिंगचा डाग यांपैकी काहीही दिसलं तर ती रिम भंगारात, तिला वेल्डिंग करायचं नाही. रिम बदलायची असेल तर स्टडची संख्या, स्टडच्या वर्तुळाचं माप, मधल्या भोकाचं माप आणि रिम आत-बाहेर किती येते, ही चारही मूळ रिमशी जुळली पाहिजेत. तीन जुळली म्हणून मेकॅनिकने भोक मोठं करून दिलेली रिम घेऊ नका. त्या पोरांसोबत मी पाहिलेल्या ट्रकच्या स्टेपनीची लॉक रिंग दुसऱ्याच रिमची होती. व्यापाऱ्याला दाखवल्यावर त्याने किंमत कमी केली. मी पोरांना सांगितलं की तेवढ्या पैशांत दोन नव्या रिम घ्या, आणि त्यांनी घेतल्या.

हवेच्या दाबाबद्दल थोडंच. वाळूच्या पात्रातून जाताना हवा कमी केली की चाक पसरतं आणि तरंगतं, हे चालकांना माहीत असतं. पण पुन्हा भरायला पंप नसल्यामुळे ते तशाच हवेवर पन्नास किलोमीटर डांबर तुडवतात आणि टायर आतून जळतो. एअर ब्रेकच्या टाकीला जोडता येणारी हवेची नळी आणि दाबाचं मीटर, एवढं सामान ट्रकसोबत असलंच पाहिजे.

शेवटची गोष्ट सरकारसाठी आहे. लष्कराच्या जुन्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून विकल्या जातात. गावातल्या पोरांना तिथे गाडीची सगळी माहिती मिळाली पाहिजे: टायरचं माप, टायरवरच्या तारखेचे आकडे, रिम एका तुकड्याची की रिंगची की दोन वाट्यांची. सैन्याच्या कार्यशाळेत हे सगळं लिहिलेलं असतं. ते लिलावाच्या कागदात टाकायला एक ओळ लागते. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या आणि पंचायतींसारख्या संस्थांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या खास गाड्यांना तेवढी सूट आहे. लिलावात विकल्यावर ती सूट गाडीसोबत येत नाही. तेव्हा ट्रक ग्रामपंचायतीच्या नावावर घ्यायचा की आणखी कोणाच्या, हे बोली लावण्याआधी आरटीओत विचारा, आणि आरटीओनेही हे उत्तर ग्रामसभेला लेखी द्यावं.

आदिवासी विकास विभाग वनहक्क मिळालेल्या गावांना बांबूच्या प्रक्रियेचं, हिशोबाचं, विपणनाचं प्रशिक्षण देतो. त्यात ट्रकच्या चाकाचा एक दिवस टाका. धानोरा, एटापल्ली, कोरची, कुरखेडा, अहेरी, भामरागड, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक सळयांचा पिंजरा, एक दाबाचं मीटर आणि रिंग बसवायला शिकवणारा एक माणूस द्या. पिंजरा गावातला लोहारही करून देईल. वडिलांचा पिंजरा बल्लारपूरच्या दुकानात अजून आहे आणि त्याची मापं मी कोणालाही द्यायला तयार आहे.